गंज चढलेल्या जुन्या पिकअपला बेडलायनर लावावे का?

वाचकाचे पत्र: माझ्याकडे वीस वर्षांहून जुना पिकअप ट्रक आहे. इंजिन अजून उत्तम चालते, पण हौद्याचा रंग जागोजागी उडून पत्र्याला गंज चढला आहे. फाळक्याच्या खालच्या काठाला रंगाखाली फुगवटे आले आहेत, दारांखालच्या पट्टीवर चाकांनी उडवलेल्या खड्यांचे टवके आहेत आणि चॅसिसवरही तांबूस थर दिसतो. घरच्या घरी लावायचे बेडलायनर, म्हणजे हौद्याच्या संरक्षणासाठीचा जाड लेप, आणून हौदा, पट्टी आणि चॅसिस सगळेच एकदा झाकून टाक, म्हणजे गंजाची कटकट कायमची मिटेल, असे एका मित्राने सुचवले आहे. गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाशी क्रिया करणारे रसायन) फासून त्यावर थेट बेडलायनर लावले तर चालेल का? रोलर वापरावा की स्प्रे? पूर्ण गाडीच त्यात रंगवून घ्यावी का? काम बंद गॅरेजमध्ये करण्याचा विचार आहे, पण घरातल्यांना वासाची काळजी वाटते.

उत्तर: तुमच्या मित्राचा सल्ला हौद्यापुरता योग्य आहे, दारांखालच्या पट्टीसाठी काही अटींवर योग्य आहे, आणि चॅसिसच्या बाबतीत तो तुम्ही मुळीच मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गंजाची कटकट कायमची मिटेल हे आश्वासन मात्र कोणतेही बेडलायनर देऊ शकत नाही. जुन्या गाडीवर ते लावून पस्तावणारे बहुतेक लोक याच एका समजुतीपायी फसतात, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. बेडलायनर म्हणजे पॉलियुरेथेन, पॉलियुरिया किंवा तत्सम रेझिनचा जाड, चिवट आणि खरबरीत थर. काही प्रकारांत रबराचे बारीक कणही मिसळलेले असतात. स्वच्छ पत्र्याला हा थर घट्ट धरून बसला की पाणी आणि हवा पत्र्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि सामान घासून रंग निघत नाही. त्याचे काम एवढेच आहे. आधी चढलेल्या गंजावर त्याचा कोणताही रासायनिक परिणाम होत नाही. गंजावरच तो लावला, तर तो पत्र्याला न चिकटता गंजाच्या भुसभुशीत पापुद्र्याला चिकटतो. मग एखाद्या सांध्यातून किंवा टवक्यातून शिरलेले पाणी त्या पापुद्र्यात मुरते, थर जाड असल्यामुळे ते लवकर वाळत नाही, आणि गंज आतल्या आत पसरत जातो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे थर खालून उचलला जातो. पण बेडलायनर चिवट आणि खरबरीत असल्यामुळे हे उचलणे वरून लवकर दिसत नाही. साध्या रंगाचे पोपडे सुटून तो निदान इशारा तरी देतो. बेडलायनर खालचा पत्रा पार खाल्ला जाईपर्यंत वरून धडधाकट दिसू शकते, आणि जुन्या गाडीसाठी हाच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे.

म्हणून डबा विकत घेण्याआधी गाडी तपासा. फाळक्याच्या खालच्या काठावरचे जे फुगवटे तुम्ही लिहिले आहेत, तिथूनच सुरुवात करा. एक बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फुगवट्याच्या मधोमध टोक टेकवून अंगठ्याच्या जोराने दाबा. रंगाची टिकली उडून खाली तपकिरी भुकटी आणि तिच्याखाली कडक, न दबणारा पत्रा लागला, तर गंज बाहेरून आत गेलेला आहे आणि तो घासून काढता येईल. पण टोक किंचित आत गेले, काठ कागदासारखा दबला किंवा आतून ओलसर चुरा बाहेर आला, तर गंज फाळक्याच्या पोकळीत सुरू होऊन बाहेर आलेला आहे. असा फुगवटा वरून कितीही घासला तरी उपयोग नाही, कारण त्याचे मूळ आतल्या बाजूला, दोन पत्रे दुमडून जोडलेल्या घडीत असते. तो काठ कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. हीच तपासणी दारांखालच्या पट्टीची, चाकांवरच्या कमानींची, हौद्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांची आणि हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांची करा. जिथे पूर्वी डेंटिंग झाले असेल तिथे लोहचुंबक लावून पाहा. चुंबक नीट चिकटला नाही, तर रंगाखाली पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असे समजा.

हौद्यात प्लास्टिकचे तयार लायनर बसवलेले असेल, तर ते उचलल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नका. त्याच्याखाली पाणी आणि बारीक रेती साचते आणि गाडीच्या हादऱ्यांनी प्लास्टिक सतत घासून रंग नेमका तिथे उडतो, जिथे कोणाची नजर जात नाही.

चॅसिस, हौदा आणि केबिन जिथे चॅसिसला टेकतात त्या जागा, स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार आणि ब्रेकच्या नळ्या यांची तपासणी वेगळ्या गांभीर्याने करा. गाडी केवळ जॅकवर उभी असताना तिच्याखाली कधीही जाऊ नका, भक्कम स्टँड लावूनच जा. लहान हातोडीने चॅसिसवर थोड्या थोड्या अंतरावर ठोकत गेलात, तर निरोगी लोखंडाचा खणखणीत आवाज येतो, खाल्लेल्या जागी तो बद्द होतो आणि पापुद्रे गळून पडतात. चॅसिसमध्ये एखादे भोक पडलेले असेल किंवा जाडी स्पष्टपणे कमी झालेली असेल, तर ते जाणकार वेल्डरकडे किंवा गॅरेजकडे नेण्याचे काम आहे. त्यावर कसलाही थर चढवणे म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याच्या नजरेपासून दोष लपवणे होय, आणि त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. वेल्डिंगची सगळी कामे बेडलायनरच्या आधीच उरका. पॉलियुरेथेन जळले की अत्यंत विषारी धूर निघतो आणि भोवतालचा थरही खराब होतो.

आता कन्व्हर्टरविषयी. बाजारातल्या बहुतेक कन्व्हर्टरमध्ये टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल असते, काहींत दोन्ही असतात. गंजाशी त्यांची क्रिया होऊन काळसर, स्थिर असे लोहाचे टॅनेट किंवा फॉस्फेट तयार होते. ही क्रिया खरी आहे, मात्र ते द्रावण जिथवर पोहोचते तिथवरच ती होते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर कन्व्हर्टर चांगले काम करतो. जाड पापुद्र्यावर त्याचा फक्त वरचा भाग काळा होतो, खालचा गंज जसाच्या तसा राहतो, आणि वरून सगळे एकसारखे काळे दिसत असल्यामुळे काम झाल्याचा भास होतो. शिवाय अनेक इपॉक्सी प्रायमरचे उत्पादक आम्लयुक्त कन्व्हर्टरवर आपला प्रायमर लावू नका असे स्पष्ट सांगतात, कारण उरलेल्या आम्लामुळे प्रायमरची पकड बिघडू शकते. माझा सल्ला असा की, जिथे हात आणि यंत्र पोहोचते तिथला गंज यांत्रिक रीतीने काढून पत्रा उघडा करा आणि कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नका. जिथे पोहोचणे अशक्य आहे, म्हणजे एखाद्या सांध्याच्या तोंडाशी किंवा खोल खड्ड्यांत, तिथे तो वापरा. पण मग त्याच्याशी जुळणारा प्रायमर कोणता, हे दोन्ही डब्यांवरच्या सूचना वाचूनच ठरवा.

या कामात खरा वेळ पूर्वतयारीत जातो, आणि तो जायलाच हवा. तयारीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी हौद्यातल्या सगळ्या सुट्या वस्तू, कड्या, दिवे, रबरी पट्ट्या आणि शक्य असेल तर फाळका काढून ठेवा. हौदा बोल्ट काढून उतरवता आला तर फारच उत्तम. हौदा आणि केबिन यांच्यामधल्या फटीत आणि आडव्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षांचा चिखल ओल धरून बसलेला असतो, आणि तो दुसऱ्या कोणत्याही मार्गाने पूर्ण निघत नाही. मग साबणाच्या पाण्याने आणि शेवटी भरपूर साध्या पाण्याने धुऊन घ्या. हे धुणे केवळ धुळीसाठी नाही. पत्र्यावर उरलेले मीठ थराखाली पाणी ओढून घेते आणि पुढे तिथेच फोड येतात. धुऊन वाळल्यावर मेण आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसा, आणि हे पॉलिश पेपर हातात घेण्यापूर्वी करा. तेलकट पत्रा घासला तर तेल ओरखड्यांच्या तळाशी दाबले जाते आणि नंतर निघत नाही. पुसताना दोन पांढरी कापडे ठेवा, एक द्रावणात भिजवलेले आणि एक कोरडे. ओल्या कापडाने हातभर जागा पुसली की द्रावण वाळायच्या आत कोरड्या कापडाने ती टिपून घ्या, नाहीतर विरघळलेले ग्रीस जागच्या जागी पुन्हा बसते. कोरडे कापड वारंवार उलटून पाहा. ते पांढरेच राहू लागेपर्यंत ही जागा सोडू नका.

गंज काढण्यासाठी ग्राइंडरवर वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत करणे सगळ्यांना आवडते, पण त्या चकाकीवर विसंबू नका. वायर ब्रश सुटे पापुद्रे उत्तम काढतो, मात्र घट्ट गंज घासून गुळगुळीत करतो आणि पत्र्यावर पडलेल्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके तसेच राहतात. ब्रशनंतर घासणारी चकती किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर वापरून पत्रा एकसारखा करड्या रंगाचा आणि खरबरीत करा. खड्डे खोल असतील, तर सँडब्लास्टिंगने ते सर्वांत चांगले साफ होतात. ते हौद्याच्या पातळ, सपाट पत्र्यावर करायचे असेल तर मात्र अनुभवी माणसाकडूनच करून घ्या, कारण चुकीच्या हाताने पत्रा वाकडा होतो. जिथे मूळ रंग घट्ट आहे तिथे तो काढण्याची गरज नाही. १८० नंबरच्या आसपासच्या कागदाने त्याची चमक पूर्ण जाईपर्यंत घासा. चमकणारा प्रत्येक ठिपका ही उद्या थर सुटण्याची जागा आहे. हौद्याच्या उंचवट्यांमधल्या खोलगट पन्हळींत यंत्र जात नाही, तिथे हातानेच घासावे लागते. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून मास्क लावा आणि जमेल तिथे ओले घासकाम करा.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. दमट हवेत काही तासांतच त्यावर नारिंगी झाक येते, आणि उघड्या हाताच्या घामाचे ठसेसुद्धा गंजाला निमंत्रण देतात. हातमोजे घाला, पुन्हा एकदा द्रावणाने पुसा आणि त्याच दिवशी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा हात द्या. अनेक बेडलायनरच्या डब्यांवर थेट पत्र्यावर लावता येईल असे लिहिलेले असते. तरीही गंज चढून गेलेल्या पत्र्यासाठी मी प्रायमर वगळण्याचा सल्ला कधीच देणार नाही. ओल अडवण्याचे काम इपॉक्सी फार चांगले करते आणि घासण्या-आपटण्याचा मार वरचे बेडलायनर झेलते, असा हा जोड आहे. प्रायमर वाळल्यावर पत्र्यांच्या सगळ्या जोडांवर सीम सीलर भरा, कारण हौद्यातले पाणी सपाट जागेतून आत जात नाही, ते जोडांतून जाते.

सामान्यतः घरी वापरता येणारी बेडलायनर तीन प्रकारची असतात. एका डब्यातले पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. दोन घटकांच्या प्रकारात हार्डनर मिसळावा लागतो. पाण्यावर आधारलेले प्रकार लावायला सोपे आणि वासाला सौम्य असतात, पण त्यांचा टिकाऊपणा कमी पडतो. व्यावसायिक दुकानांत उष्णता आणि मोठ्या दाबाखाली फवारला जाणारा पॉलियुरियाचा थर दोन-तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड बसतो. घरगुती कामात साधारणपणे त्याच्या निम्म्यानेही जाडी मिळत नाही, हे आधीच मान्य करून चाला. तुमच्यासाठी मी दोन घटकांचा, उन्हात न विटणारा प्रकार सुचवेन. स्वस्त काळे थर ऊन लागून काही काळाने करडे आणि भुरकट पडतात. डब्यावर ॲलिफॅटिक असे लिहिलेले असेल तर तो उन्हाला अधिक टिकतो.

आता घरातल्यांच्या काळजीविषयी, कारण ती अगदी रास्त आहे आणि तिला उत्तर देताना मला कोणतीही सवलत द्यायची नाही. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये, आणि ओलाव्याने घट्ट होणाऱ्या एका डब्याच्या प्रकारातही, आयसोसायनेट असतात. ते श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेल्यास कायमची ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प मात्रेनेही झटका येऊ शकतो. शिवाय वास येत नाही म्हणजे धोका नाही, हा नेहमीचा हिशेब इथे लागू पडत नाही, कारण आयसोसायनेट घातक पातळीला पोहोचले तरी नाकाला जाणवतीलच असे नाही. फवारणीत त्यांचे सूक्ष्म थेंब हवेत पसरतात. म्हणून व्यावसायिक लोक बाहेरून शुद्ध हवा पुरवणारे मुखवटे वापरतात. कापडी किंवा कागदी मास्क इथे शून्य उपयोगाचा आहे. फिल्टरचा मुखवटाही दाढी असेल तर चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

त्यामुळे रोलर की स्प्रे या तुमच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. हवा पुरवणारी साधने नसतील तर स्प्रे नको. रोलर आणि ब्रशने, मोकळ्या हवेत किंवा दोन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये, सेंद्रिय वाफांचे नवे फिल्टर लावलेला मुखवटा, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून काम करा. बंद गॅरेज, आणि त्यातही घराला दाराने जोडलेले गॅरेज, या कामासाठी वापरूच नका. मुलांना आणि ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना थर वाळेपर्यंत लांब ठेवा. ज्यांना स्वतःला दमा आहे त्यांनी हे काम घरी करू नये, दुकानात करून घ्यावे. थिनर आणि द्रावणांच्या वाफा पेट घेणाऱ्या असल्यामुळे जवळपास ग्राइंडर, हीटर किंवा पेटती वात नको, आणि पेट्रोलची टाकी तिथेच आहे हेही ध्यानात ठेवा.

लावण्याचा दिवस निवडताना हवेच्या तापमानाइतकेच पत्र्याच्या तापमानाकडे पाहा. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असावे, हा रंगकामातला जुना आणि पक्का नियम आहे. पहाटे पत्र्यावर न दिसणारी ओल असते, आणि भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर थर वरून पटकन सुकून आत द्रावक अडकतो. आयसोसायनेटची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून ओलसर पत्र्यावर किंवा फार दमट दिवशी थरात बारीक फुगे येतात. सकाळ थोडी वर आल्यावर, सावलीत काम सुरू करणे बरे.

थर देण्याआधी झाकाझाक करा. पाणी निचऱ्याची भोके, नटबोल्टांचे आटे, फाळक्याच्या बिजागऱ्या आणि कुलपाचा खटका, गाडीच्या ओळख क्रमांकाच्या पट्ट्या आणि दिव्यांच्या अर्थिंगच्या जागा यांवर थर जाता कामा नये. अर्थिंगची गोष्ट लोक हमखास विसरतात. मागचे दिवे अनेक गाड्यांत हौद्याच्या उघड्या पत्र्याला अर्थ केलेले असतात, आणि तिथे जाड थर बसला की दिवे मंद जळतात किंवा मुळीच लागत नाहीत.

पहिला हात ब्रशने फक्त कडा, कोपरे, वेल्डिंगच्या रेघा आणि बोल्टांची डोकी यांना द्या. धारदार कडेवरून कोणताही ओला थर मागे सरकतो आणि तिथेच सर्वांत पातळ राहतो, आणि गंज पुन्हा सुरू होतो तो बहुधा याच जागांवर. मग रोलरने पूर्ण हौद्याला पातळ हात द्या. पुढच्या कोपऱ्यांपासून सुरू करून फाळक्याकडे मागे सरकत या. डब्यात जड कण तळाशी बसतात, म्हणून दर थोड्या वेळाने ढवळत राहा, नाहीतर अर्धा हौदा गुळगुळीत आणि अर्धा काटेरी होईल. एक जाड हात देण्यापेक्षा दोन किंवा तीन पातळ हात केव्हाही चांगले. दोन हातांमध्ये किती वेळ जाऊ द्यायचा हे डब्यावर दिलेले असते. ती मुदत उलटून गेली तर पुढचा थर खालच्याला रासायनिक रीतीने धरत नाही, मग पुन्हा घासून मगच लावावा लागतो. हार्डनर मिसळलेला माल मर्यादित वेळच वापरता येतो, म्हणून एका वेळी लागेल तेवढाच मिसळा.

मास्किंग टेप शेवटचा हात ओलसर असतानाच काढा. पट्टी थरापासून दूर, तिरकी, सावकाश ओढत गेलात की कड रेघेसारखी स्वच्छ येते. थर पूर्ण वाळू दिला तर टेप त्याच्यात अडकते, ओढताना कडेचा थर पत्र्यावरून उचलला जातो आणि पुढे त्याच उचललेल्या कडेतून पाणी शिरते. टेप विसरून वाळलीच, तर धारदार पात्याने कडेलगत कापून मगच काढा. हौद्यात जड सामान टाकण्याची घाई करू नका. हाताला कोरडा लागणारा थर पूर्ण ताकदीला यायला साधारण आठवडा लागतो, आणि थंडीत त्याहून जास्त.

दारांखालच्या पट्टीसाठी हेच सगळे लागू आहे, फक्त एक गोष्ट अधिक. ती पट्टी आतून पोकळ असते आणि तिच्या तळाशी निचऱ्याची भोके असतात. बाहेरून खड्यांपासून बेडलायनर तिचे उत्तम रक्षण करील, पण ती भोके बुजली तर आत साचलेले पाणी तिला आतून खाईल. भोकांत थर लागण्यापूर्वी लाकडी काड्या बसवा आणि थर ओला असतानाच त्या काढून घ्या.

पूर्ण गाडी बेडलायनरने रंगवावी का? माझे उत्तर नाही असे आहे. हा थर काढणे अतिशय कष्टाचे असते, अपघातानंतर एखादाच पत्रा दुरुस्त करायचा झाला तर त्याचा पोत आसपासच्या पत्र्याशी जुळवणे कठीण जाते, खरबरीत पृष्ठभागावर मळ धरून राहतो, आणि पुढे गाडी विकायची झाली तर घेणाऱ्याला खाली काय झाकले आहे अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उभ्या पत्र्यांना एवढ्या जाड संरक्षणाची गरजही नसते. तिथे चांगला प्रायमर आणि साधा रंग पुरतो.

राहिली चॅसिस. तिच्यावर कडक थर नको असे मी म्हणतो, कारण तिच्यावरचा सगळा गंज काढणे घरी जवळपास अशक्य आहे. सांधे, कंस, रिव्हेट आणि बंद पोकळ्या यांच्या आत गंज राहणारच, आणि त्यावर कडक थर दिला की सुरुवातीला सांगितलेला, वरून न दिसणारा तो धोका गाडीच्या कण्यातच बसवल्यासारखे होईल. गाडीच्या तळाला देतात त्या डांबरी किंवा रबरी अंडरकोटिंगचीही गत कालांतराने हीच होते, कारण ते कडक होऊन तडकते आणि तडीत पाणी धरते. चॅसिससाठी न वाळणारे, मेणाचे किंवा लॅनोलिनचे (लोकरीतून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाचे) तेलकट संरक्षण वापरा. ते सांध्यांत झिरपते, ओरखडा पडला तरी थोडेफार पसरून तो झाकते, आणि खालची स्थिती डोळ्यांना दिसत राहते. सुटे पापुद्रे घासून, धुऊन, पूर्ण वाळवून मग ते फवारा. चॅसिसच्या पोकळ्यांत, फाळक्याच्या आणि दारांखालच्या पट्टीच्या आत चहूबाजूंनी फवारणाऱ्या लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स सोडा. ब्रेकच्या चकत्या, सायलेन्सरचे नळकांडे आणि रबरी बुश यांपासून ते दूर ठेवा. हे संरक्षण दरवर्षी पुन्हा द्यावे लागते, आणि त्या निमित्ताने दरवर्षी चॅसिसची तपासणी होते, ही मला त्याची मोठीच जमेची बाजू वाटते. क्रम मात्र चुकवू नका. आधी बेडलायनरचे सगळे काम पुरे करा, ते पूर्ण वाळू द्या, आणि मगच मेण किंवा तेल हातात घ्या. तेलाचा अंश असलेल्या पत्र्यावर बेडलायनर चिकटत नाही.

पुढे हौद्यात टवका उडाला किंवा थर कुठे सुटलेला दिसला, तर त्याच आठवड्यात तेवढी जागा दुरुस्त करा. सुटलेला भाग पात्याने घट्ट थरापर्यंत कापून काढा, पत्रा घासून उघडा करा, प्रायमर द्या आणि कडेच्या जुन्या थरावर थोडे चढवून नवा हात द्या. त्यासाठी न मिसळलेला थोडा माल घट्ट झाकण लावून, त्याच्या मुदतीपर्यंत जपून ठेवा. दर पावसाळ्याच्या तोंडाशी हौद्यात बादलीभर पाणी ओतून ते सगळ्या भोकांतून वाहते का हे पाहा. कुठे पाणी थांबले, तर त्या जागेच्या खालच्या बाजूला वाकून स्क्रूड्रायव्हरचे टोक पुन्हा एकदा टेकवून बघा.